मोरचूद आणि अक्रोड

ओरहेईच्या बाजारात, बियाण्यांच्या आणि चपलांच्या दुकानांमध्ये
माझं रंगाचं दुकान. फळीवर चौदाशे छटांचं पत्रक,
मागे एक यंत्र, खोकल्याशिवाय सुरू न होणारं.

एफ्रोसिनिया आली ती रुमाल उलगडतच.
आत भिंतीचा पोपडा, बिस्किटाएवढा.
"याच्याशी काय जाईल?
दाराला, खिडक्यांना, आणि अंगणातल्या बाकाला."

पिरोजी. पण माझ्या पत्रकातला नव्हे.
द्राक्षवेलींवर फवारून उरलेला मोरचूद
चुन्यात कालवून तिच्या नवऱ्यानं दिलेला,
दर ईस्टरला एक हात, अशी एकोणतीस पुटं.
पोपड्याच्या कडेला ती मोजता येत होती:
कुठे हिरवट, कुठे निळं,
एक तर जवळजवळ पांढरंच.
"त्या वर्षी वेलींवर रोग फार.
भिंतीसाठी काही उरलं नाही."

मी धंद्याची भाषा काढली.
पांढरा कधी चुकत नाही, म्हटलं.
"जानेवारीत अख्खं गाव पांढरं असतं.
त्यात माझी खिडकी कुठे शोधू?"
मग विटकरी. रंगचक्रात दोघे
बरोब्बर समोरासमोर बसतात.
"समोरासमोर बसून तीस वर्षं भांडलो आम्ही. आता पुरे."
मोहरीचा पिवळा शाळेला दिलेला.
पोवळ्याचा दिला तर शेजारीण म्हणणार,
म्हातारीनं घराला लिपस्टिक लावली.

तेवढ्यात फोन. पादोव्हाहून लुदमिला,
दुसऱ्या कुणाच्या आईला अंघोळ घालून
नुकतीच टेकलेली.
"आई, राखाडी घे. इकडे सगळे राखाडीच देतात."
एफ्रोसिनियानं पोपडा फोनसमोर धरला.
पडद्यात तो आकाशी झाला,
तिकडे पोचेपर्यंत आणखी काय झाला, कोण जाणे.
"राखाडीच," लुदमिला म्हणाली.
"हो, हो," आई म्हणाली
आणि माझ्याकडे बघून मानेनं नाही.

फोन ठेवून तिनं जिभेवर बोट ओलं केलं,
पोपड्यावरून फिरवलं.
रंग एकदम खाली गेला,
विहिरीत वाकून बघावं तसा.
"पावसात ही अशी दिसते.
दोघींशी जुळायला हवं,
कोरडीशी आणि ओलीशी."

चौदाशे छटा गप्प.

ऑक्टोबर होता. मी तिच्या बोटांकडे बघत होतो.
अक्रोडाच्या हिरव्या साली सोलून सोलून
नखांपाशी काळी पडलेली,
पेरांवर तांबूस, चहा सांडून वाळल्यासारखी.
त्या बोटांत तो पिरोजी तुकडा
इतका निवांत होता
की मला आधी दिसलंच नाही.

बोललो काही नाही. यंत्र सुरू केलं, ते खोकलं.
तपकिरीचे चार थेंब, गेरूचे दोन, काळ्याचा एक,
मग नुसता अंदाज,
तिच्या हाताकडे चोरून बघत.
काडीनं पोपड्याशेजारी एक टिंब टेकवलं.

ती बराच वेळ पाहत राहिली.
"हा कुठल्या डब्यातला?"
"नवीन आलाय," मी म्हणालो.
एक लिटर नेला. दहा लेउ कमी करून.

एप्रिलमध्ये परत दारात.
दार झालं, खिडक्या झाल्या, बाक राहिला.
"तोच द्या, अर्धा लिटर."
वही उघडली. वहीत काहीच नव्हतं.
सात थेंबांनंतरचा अंदाज
कुणी लिहून ठेवतं का?

"जरा हात दाखवा."
तिनं काउंटरवर ठेवले.
धुतलेले, फिके, साधे म्हातारे हात,
फक्त नखांच्या कडांना पिरोजी.
"यंदा मीच दिला हात," ती म्हणाली.
"तिसावा. थोडा पातळ झालाय."

मी वही मिटली.
"ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागेल."
का, ते तिनं विचारलं नाही.
स्वतःच्या बोटांकडे एकदा बघितलं,
मग माझ्याकडे,
आणि पिशवी उचलत म्हणाली,
"थांबते की. बाक कुठे पळतोय."